बिनगियरची नव्हे, एका गियरची

आठवीच्या वर्गात मी साधी यंत्रं शिकवत होते. फळ्यावर सायकल काढली होती आणि ती म्हशीसारखी दिसतेय हे मुलींनी सांगायची गरज नव्हती, माझं मला कळत होतं. "मोटारीला गियर असतात, स्कूटरला असतात, आपली साधी सायकल मात्र बिनगियरची," असं मी ठोकून दिलं आणि दारात कुणीतरी खाकरलं. शाळेचे शिपाई सूचना-वही घेऊन उभे होते. मी सहीसाठी वही घ्यायला गेले, तर ते वही हातातून सोडेनात.

"बाई, बिनगेरनी म्हनू नका. एक गेर ऱ्हास ना."

मुली खिदळल्या. मी बी.एस्सी., बी.एड., नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झालेले, आणि चौथी शिकलेला शिपाई भर वर्गात माझी चूक काढत होता. मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "एकच असतो म्हणजे नसल्यासारखाच की हो."

"माले एकच पोरगी शे," ते शांतपणे म्हणाले. "मंग मी काय बिनपोरना शे का?"

मी सही केली. दगानानांशी झालेलं माझं पहिलं बोलणं ते हे.

त्यांचं नाव खरोखरच दगा होतं. आधीची मुलं जगत नसली की मागून आलेल्याला असलं काहीतरी नाव ठेवायची आमच्या खानदेशात पद्धत आहे. दगा, दगडू, उखा. नजर लागू नये म्हणून. नाना पिंपळनेरकडचे, उंच, काटक, पोटऱ्या अशा की खाकी अर्ध्या चड्डीतून बाहेर आलेल्या दोन वेगळ्या असाम्या वाटाव्यात. धुळ्याला आमच्या मुलींच्या शाळेत ते घंटा द्यायचे, टपाल न्यायचे-आणायचे, आणि मुख्याध्यापकांपेक्षा शाळा जास्त चालवायचे. मुख्याध्यापकांना हे ठाऊक होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

नानांची सायकल काळी, जुनी आणि मुकी. साधी सायकल पायडल थांबवलं की टिकटिक करत पुढे पळते. नानांची करत नसे. ते कधी आले हे कुणाला कळायचंच नाही. शिक्षकखोलीत कुणी कुणाची उखाळीपाखाळी काढत असावं आणि खिडकीत नाना सायकलवर बसल्याबसल्या टपाल पुढे करत असावेत. बसल्याबसल्या म्हणजे अगदी खरं. पाय टेकत नसत. सायकल वीतभर पुढे, वीतभर मागे, पुन्हा पुढे अशी झुलवत ते जागच्या जागी उभे राहायचे, सही घ्यायचे आणि निघून जायचे. शिवणाच्या बाई दोनदा दचकून सुई टोचून घेतल्यावर मुख्याध्यापकांनी हुकूम काढला की शिपायांनी आवारात सायकलची घंटी वाजवत यावं. त्या हुकमाची सूचना-वहीही नानांनीच सगळीकडे फिरवली, अर्थात घंटी न वाजवता.

पाय न टेकण्याची सवय जुनी होती. तरुणपणी नाना गावोगाव नॉनस्टॉप सायकल चालवत. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: गावच्या चौकात एक माणूस सात दिवस, सात रात्री सायकलवरून गोल गोल फिरतो. पाय जमिनीला लावायचा नाही. खाणं-पिणं, दाढी-आंघोळ सगळं सायकलवर. लोक बघायला जमतात, मधूनमधून तो उलटी सायकल चालवतो, सीटवर पोटावर झोपतो, दातात घागर धरतो. साक्रीजवळच्या एका गावात नाना असे फिरत असताना पाचव्या दिवशी त्यांची आई तिथे पोचली. मुलगा काय धंदे करतोय हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. भाकरीचं गाठोडं घेऊन ती थेट चौकाभोवती बांधलेल्या दोरीच्या आत शिरली आणि म्हणाली, "उतर खाले, दगा." नाना म्हणाले, "आजून दोन दिन शेतस." ती म्हणाली, "मंग फिर. मी बी फिरस." आणि ती खरंच त्यांच्या शेजारून चौकात फेऱ्या घालायला लागली. चालता चालता भाकरी मोडून त्यांच्या तोंडात घास घालत होती आणि शिव्याही देत होती. "सातवा दिनले मी उतरनू," नाना सांगायचे, "आनि तिना पाया पडाले वाकनू, तं उठताच येयेना." हे सांगताना ते हसत, पण पुढचं वाक्य कधी सांगत नसत, आणि आम्हीही विचारलं नाही.

नानांच्या बोलण्यात एक सरकारी शब्द घुसून बसला होता. एकदा शाळेचं एक पाकीट टपालातून परत आलं. त्यावर लिहिलं होतं, 'मालक घेत नाही, सबब परत.' नानांनी मला 'सबब'चा अर्थ विचारला. या कारणास्तव, मी सांगितलं. तो शब्द त्यांना इतका आवडला की त्यानंतर चहा थंड असला की कपबशी सरकवून म्हणायचे, "थंडा शे, सबब परत." उशिरा आलेल्या मुलीला फाटकातून, "घंटा व्हयनी, सबब परत," आणि ती रडवेली झाली की तिला हळूच आत घ्यायचे.

बिनगियरचं प्रकरण माझ्या डोक्यातून जात नव्हतं. आठ दिवसांनी मीच हार मानली आणि नानांना वर्गात बोलावलं. त्यांनी दोन सायकली आणल्या, एक स्वतःची, एक मुलींपैकी कुणाची तरी. दोन्ही उलट्या, सीटवर उभ्या केल्या. पुढची मोठी दातेरी चक्री, मागची लहान दातेरी चक्री, मध्ये चेन. हाच गियर. पुढच्या चक्रीचे दात त्यांनी खडूने खुणा करत मुलींकडून मोजून घेतले, मग मागचे. पायडल एकदा फिरवलं की मागचं चाक किती वेळा फिरतं ते मोजायला लावलं. अडीच फेऱ्यांच्या थोडं वरच. "हाऊच तुमना एक गेर. एक जोडी, एक गेर. जोडी बदलता येत नई म्हनीसन एक. पन शे."

मग मुलीच्या सायकलचं पायडल जोरात फिरवून त्यांनी हात सोडला. पायडल थांबलं, चाक टिकटिक करत फिरत राहिलं. स्वतःच्या सायकलचं फिरवलं, तर चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतंय. पायडल धरलं, चाकही थांबलं. चाक मागे फिरवलं, पायडल मागे. दोन्ही सायकली एकाच गियरच्या, पण एकीत सूट होती आणि दुसरीत नव्हती. पहिल्या सायकलच्या मागच्या चक्रीत, म्हणजे फ्रीव्हीलमध्ये, नखाएवढे दोन पोलादी तुकडे असतात. पुढे जाताना ते दात पकडतात आणि पाय थांबले की दातांवरून टिकटिक करत घसरतात. सायकलवाले त्याला कुत्तं म्हणतात. "कुत्तं शे म्हनीसन चाक मोकळं पळस," नाना म्हणाले. "कुत्तं काढं, का चाक आनि पाय बठ्ठं एक. लहान पोऱ्यानी तीनचाकी ऱ्हास, तशी."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापक दारातून डोकावले, शिपाई शिकवतोय आणि बाई शेवटच्या बाकावर बसून टिपणं काढतेय हे पाहिलं, आणि पुढे गेले. मला सगळं समजलं असं मला वाटलं. खरं तर माझ्या उपयोगाचं जे होतं तेवढंच समजलं नव्हतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. माझा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. चालताना मांडीवर हात दाबून पाऊल टाकते. देवपुरातल्या आमच्या घरापासून शाळा पांझरा नदीच्या पलीकडे, चालत जाणं मला शक्य नव्हतं. बस आमच्या गल्लीच्या आसपासही फिरकत नसे, आणि रोज रिक्षाने जाणं तेव्हा आमच्यासारख्यांच्या डोक्यातही येत नसे. माझा थोरला भाऊ मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून सोडायचा आणि न्यायचा. शाळेत, कॉलेजात, नोकरीवर, आयुष्यभर मी त्याच्या पाठीकडे बघत प्रवास केला होता. त्याची जळगावला बदली झाली. महिन्याभरात हजर व्हायचं होतं.

मी सायकल शिकायचा प्रयत्न पूर्वी केला होता. उजव्या पायाने दाबलं की उजवं पायडल खाली जातं, डावं वर येतं, आणि मग डाव्याने दाबायचं असतं. माझा डावा काही दाबत नसे. पायडल तसंच लटकून राही आणि मी पडे. घरात चर्चा झालीच नाही, कारण चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. आई म्हणाली, "बस झाई आते नोकरी. घरमा शिकवण्या घे." घरातल्या घरात, खुर्चीवर बसून, पोरं येतील तशी. मला तो पुढचा सगळा जन्म समोर दिसला. वर्गात उभी राहणारी बाई ही एकच गोष्ट मी स्वतः मिळवली होती.

शनिवारी मी राजीनामा लिहिला. 'जाण्यायेण्याची सोय नसल्यामुळे महिनाअखेर सेवामुक्त करावे.' मुख्याध्यापकांच्या हातात द्यायचं धैर्य झालं नाही. शाळेतला प्रत्येक कागद नानांच्या हातून जायचा, म्हणून त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो तिथेच उभ्याउभ्या वाचला. शिपायाने टपाल वाचू नये हा नियम त्यांना माहीत होता, पण त्या दिवशी त्यांना तो आठवला नसावा. माझ्या पायाकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कागद खिशात घातला.

सोमवारी मुख्याध्यापकांनी नेहमीसारखा नमस्कार केला. मंगळवारी परीक्षेचं वेळापत्रक माझ्याकडे दिलं. बुधवारी मी नानांना गाठलं. "नाना, माझा कागद दिलात ना?"

"टपालमा शे, बाई."

"कुठल्या टपालात? सरांचं टेबल वीस पावलांवर आहे."

"महिनाभर शे ना येळ? पोचाडसु." आणि मग एकदम विषय बदलून, "बाई, तुम्ही तो दिन वर्गमा काय देखं? चाक फिरनं का पायडल फिरस. बराबर?"

"बरोबर."

"मंग तो पाय उचलानं काम तुमनं नई. चाक उचली."

ही गोष्ट मी मुलींना शिकवली होती, वहीत आकृती काढून घेतली होती, परीक्षेत प्रश्नही काढणार होते. कुत्तं काढलेली सायकल एकदा सुरू झाली की उजवं पायडल आपोआप वर येईल, डाव्याने दाबायचं कारणच नाही. नापास होणाऱ्या पोरीला कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि इतका आनंद मला पास झाल्यावरही कधी झाला नव्हता.

दांडी नसलेली एक जुनी बायकी सायकल त्यांनी कुठूनशी मिळवली. फ्रीव्हील उघडलं, आतले तुकडे काढले आणि आग्रा रोडवरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून ते गच्च करून घेतलं. रविवारी सकाळी ती घेऊन घरी आले, तेव्हा मी आत होते. ओट्यावर आई दाणे निवडत होती.

"आक्का, कुत्तं काढी टाकं," नाना आनंदाने म्हणाले. "आते बाईले काही भ्या नई."

आमच्या गल्लीत एक तांबडं कुत्रं होतं, येणाऱ्याजाणाऱ्यावर धावून जायचं, पण आई रोज त्याला भाकरी घालायची. तिचा चेहरा पडला. "व माय! कोठे सोडं तेले?"

"काडीपेटीमा शे," नाना म्हणाले आणि खिशातून काडेपेटी काढून उघडून दाखवली.

आई पुढे वर्षभर प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट सांगायची आणि डोळे पुसेपर्यंत हसायची. पण त्या दिवशी, काडेपेटीतल्या त्या दोन तुकड्यांची हकिकत ऐकल्यावर, हसली नाही. "पडनी तं?" एवढंच विचारलं.

"पडी," नाना म्हणाले. "मी बी पडनू व्हतू."

मी पडले. शाळेच्या मैदानावर रोज सकाळी शाळा भरायच्या आधी तासभर पडत होते. डावा पाय पायडलला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेला. रबरी असल्यामुळे पडताना निसटायचा, ही युक्तीही त्यांचीच. दगडावर उजवा पाय टेकवून बसायचं, ढकलायचं, की चाक चालू. पहिल्यांदा डावा पाय वर आला, पुढे गेला, खाली गेला, पुन्हा वर आला, तेव्हा मी खाली बघत राहिले. हा पाय आयुष्यात इतका फिरला नव्हता. तो माझा वाटेना. बघण्याच्या नादात मी सरळ लिंबाच्या झाडावर गेले.

नानांनी मला एकदाही उचललं नाही. शेजारून सायकलवर गोल फिरत म्हणायचे, "उठा." त्या एका शब्दाचा मला भयंकर राग यायचा आणि त्या रागानेच मी उठायचे. उतारावर पाय फार वेगाने फिरायला लागले की मी घाबरून पाय ताठ करी, आणि सायकल मला जवळपास उचलून फेके. "उतारवर बी पाय चालू ठेवा," ते ओरडायचे. "तिले थांबवाले जाऊ नका. तिना संगे फिरा आनि हळूहळू दाबा." पुढे कितीतरी गोष्टींत मला हे वाक्य उपयोगी पडलं, पण तेव्हा मी फक्त "ब्रेक कुठाय, ब्रेक" असं किंचाळत होते.

भाऊ महिनाअखेरच्या रविवारी जळगावला गेला. सोमवारी मी ओट्याला उजवा पाय टेकवून सायकल ढकलली. आई दारात उभी होती, तोंडाला पदर लावून. गल्ली, मग रस्ता, मग पूल. पुलावर कापसाची एक बैलगाडी आडवी झाली होती. मला थांबून पाय टेकता येत नव्हता असं नाही, पण पुन्हा निघायला दगड कुठून आणणार? मग मी पायांना हळूहळू दाबत सायकल इतकी सावकाश केली की चालणारे माझ्या पुढे गेले, आणि गाडी सरकली तशी मीही सरकले. शाळेच्या फाटकाशी उतरायला नानांनी एक दगड रोवून ठेवला होता. त्याला पाय लावला तेव्हा मला रडू आलं, आणि मी मुलींच्या देखत रडले. मुख्याध्यापक म्हणाले, "आज भाऊ कुठे?" मी म्हटलं, "जळगावला." त्यांना काही कळलं नाही.

मी एकटी आले, याचा मला केवढा अभिमान होता! आणखी दोन-तीन आठवड्यांनी पुलाजवळच्या पंक्चरवाल्याने मला हटकलं, "बाई, तुमना मांगे रोज येत तो शिपाई आते दिखत नई?" पहिले आठ दिवस नाना पहाटे उठून देवपुराला येत आणि घरापासून शाळेपर्यंत माझ्या मागून, वीस-पंचवीस हातांवरून येत होते. सायकलला कुत्तं असतं तर टिकटिक ऐकून मला कळलं असतं. आठव्या दिवसानंतर त्यांनी येणं सोडलं, आणि तेही मला कळलं नाही. मी जाब विचारला तर म्हणाले, "रस्ता कोना बापना शे का? माले बी शाळामाच यावानं व्हतं ना." त्यांचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत होतं.

पुढची नऊ वर्षं मी ती सायकल चालवली. दरवर्षी एकदा विचारायची, "नाना, माझा तो कागद?" आणि दरवर्षी उत्तर यायचं, "टपालमा शे." त्या काळात शाळेत गियरच्या सायकली आल्या. चित्रकलेच्या सरांनी पाच गियरची घेतली आणि नानांना मुद्दाम दाखवायला आणली. नानांनी मागच्या पाच चक्र्या न्याहाळल्या, मान डोलावली. "झकास शे, सर. पन एक येळले वापरतस कितला?" "एकच," सर म्हणाले. "मंग हाई बी एका गेरनीच व्हयनी," म्हणत नाना घंटा द्यायला गेले.

पंचाण्णवला ते निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. नाना बोलायला उभे राहिले आणि "बठ्ठासले नमस्कार" एवढंच म्हणून बसले. घंटेचा हातोडा, किल्ल्या, सूचना-वही, सगळा चार्ज त्यांनी नव्या शिपायाच्या हवाली केला. मुलींनी आग्रह केला तेव्हा मैदानाला एक फेरी उलटी सायकल मारून दाखवली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, गळ्यात हार असताना.

मी फाटकाशी दगडाजवळ उभी होते. नाना आले, आणि त्यांनी पाय टेकला. इतक्या वर्षांत सायकलवर बसलेल्या नानांना पाय टेकताना मी प्रथमच पाहत होते. सीटखाली हात घालून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला.

"एक टपाल ऱ्हायनं व्हतं, बाई."

घड्यांवर तेलाचे डाग होते. माझ्या तोंडून काही चांगलं निघायला हवं होतं. नऊ वर्षं मनात तयार करून ठेवलेलं कितीतरी होतं. पण मी म्हटलं काय, तर "नाना, पोच द्यायला हवी ना? सही कुठे करू?"

"पोच दिधी ना तुम्ही," ते म्हणाले. "रोज देतस."

आणि निघाले. मी घडी उलगडली. वर माझं नीटनेटकं अक्षर, 'जाण्यायेण्याची सोय नसल्यामुळे'. त्याच्या खाली पेन्सिलीने, चौथी पास माणसाच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

'बाई सायकलवर येतात. सबब परत.'

मी मान वर केली तेव्हा नाना वळणापाशी पोचले होते. तिथून रस्ता नदीकडे उतरतो. बाकीचे सायकलवाले पाय थांबवून टिकटिक करत खाली चालले होते, आणि त्यांच्यामध्ये नानांचे पाय फिरतच होते.